पीएचडीसाठी परकी भाषा निवडताय? आधी तळटिपा मोजा

पीएचडीच्या पहिल्याच सेमिस्टरला एक फॉर्म हातात पडला. त्यात एक ओळ होती: संशोधनासाठी कोणती परकी भाषा घेणार? मी लगेच 'फ्रेंच' लिहून टाकलं. कॉलेजात असताना फ्रेंचच्या दोन पातळ्या झाल्या होत्या, सर्टिफिकेट होतं, थोडी उजळणी केली की काम भागेल असा हिशेब होता. तसंच झालं. वर्षभरात परीक्षा पास झाले, फॉर्मवर सही मिळाली आणि एक अट संपली म्हणून मी मोकळी झाले.

दुसऱ्या वर्षी विषय पक्का झाला: सतराव्या शतकात युरोपीय लोकांनी मलबारच्या वनस्पतींची माहिती कशी जमवली. मग माझ्या विषयावरची मुख्य पुस्तकं समोर घेऊन बसले आणि पहिल्यांदाच त्यांच्या तळटिपा नीट वाचल्या. पानामागून पान डच पत्रं, डच अहवाल, डच लेख, आणि अधूनमधून लॅटिन. फ्रेंच कुठेतरी कोपऱ्यात. माझा प्रबंध एका वर्षाने लांबला तो यामुळे. त्या वर्षात मी जे शिकले ते आता माझ्याकडे 'ताई, कोणती भाषा घेऊ?' असं विचारत येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी नियम स्वतः वाचा. सीनियरने सांगितलेला नको, लिहिलेला. प्रत्येक विभागाचा नियम निराळा असतो आणि तो मधेच बदलतोही. मला नियमातल्या चार गोष्टींशी मतलब असतो. पहिली, परीक्षा फक्त वाचनाची आहे की बोलणं-लिहिणंही लागतं? बहुतेक ठिकाणी वाचनाचीच असते: एक उतारा, ठरावीक वेळ, बऱ्याचदा शब्दकोश चालतो, आणि तुम्ही भाषांतर करून द्यायचं. दुसरी, भाषा एक हवी की दोन. तिसरी, ती कधीपर्यंत पुरी करायची. काही ठिकाणी प्रबंधाचा आराखडा मंजूर होण्याआधी, काही ठिकाणी मोठ्या लेखी परीक्षांना बसण्याआधी. चौथी गोष्ट आपली मुलं विचारायचीच राहून जातात: आपल्याला येणारी भाषा चालते का? तुमच्या विषयात संस्कृत, पाली, उर्दू किंवा खुद्द मराठी हीच साधनांची भाषा असेल, तर पुष्कळ विभाग ती मान्य करतात, फक्त 'ही माझ्या संशोधनाला लागते' हे लेखी मांडावं लागतं. परवानगीही ईमेलवर, लेखी घ्या. तोंडी 'हो, चालेल' म्हणणारे प्राध्यापक रजेवर गेले की गाडं अडतं.

आता खरं काम. ग्रंथालयातून तुमच्या विषयाच्या जवळची पाच पुस्तकं आणा. शक्यतो गेल्या वीस वर्षांतली आणि वेगवेगळ्या लेखकांची. पुस्तक उघडायचं ते शेवटून. संदर्भसूची आणि तळटिपा. वहीच्या एका पानावर दोन रकाने पाडा: एक मूळ साधनांचा, एक इतर अभ्यासकांच्या लिखाणाचा. प्रत्येक संदर्भ ज्या भाषेतला, तिच्यासमोर एक रेघ. पाच रेघांचा एक जुडगा. माझं हे काम दोन दुपारींत झालं आणि त्या वहीचं पान मी अजून जपून ठेवलं आहे. मूळ साधनांच्या रकान्यात डचच्या रेघा पानाबाहेर चालल्या होत्या, त्याखाली लॅटिन, त्याखाली पोर्तुगीज. फ्रेंचसमोर रेघांचा एक जुडगा पुरा झाला आणि वर एक रेघ उरली. हे पान पहिल्या सेमिस्टरला माझ्या हातात असतं तर त्या फॉर्मवर मी फ्रेंच लिहिलं नसतं.

दोन रकाने वेगळे ठेवायचं कारण असं की भाषा दोन कामांसाठी लागते आणि त्या दोन कामांची तयारी वेगळी असते. एक म्हणजे मूळ कागद वाचणं. दुसरं म्हणजे त्याच प्रश्नावर दुसऱ्या देशातल्या अभ्यासकांनी काय लिहून ठेवलंय ते वाचणं. संस्कृतचा अभ्यास करणाऱ्याला मूळ साधनं संस्कृतातच मिळतात, पण जर्मन येत नसेल तर एकोणिसाव्या शतकातलं कितीतरी मूलभूत काम त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं. ब्योटलिंक आणि रोथ यांचा संस्कृतचा मोठा सात खंडी कोश १८५५ ते १८७५ या काळात सेंट पीटर्सबर्गला छापला गेला. गाव रशियातलं, शब्द संस्कृत, अर्थ जर्मनमध्ये. बौद्ध ग्रंथांवर काम करणाऱ्याचं जपानीवाचून अडतं, कारण गेल्या शंभर वर्षांत त्या क्षेत्रातलं अफाट काम जपानी अभ्यासकांनी जपानीत केलं आहे. गणितात पूर्वापार फ्रेंच, जर्मन आणि रशियन यांतूनच निवड असायची. तत्त्वज्ञानात जर्मन आणि फ्रेंच. इंडोनेशियाच्या इतिहासाला डच. ही यादी म्हणजे नुसता अंदाज बांधायला. निर्णय तुमच्या वहीतल्या रेघांवर घ्या.

माझ्या विषयातलंच उदाहरण देते, कारण यात भाषांची साखळी अगदी उघडी दिसते. 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. तो करवून घेतला कोचीनच्या डच अधिकाऱ्याने, हेंड्रिक व्हान रेडे याने. छापला आहे लॅटिनमध्ये. पण माहिती आली कुठून? इट्टी अच्युतन नावाच्या वैद्याने ती मल्याळममध्ये सांगितली, ती पोर्तुगीजमध्ये उतरवली गेली, पोर्तुगीजवरून डच झाली आणि डचवरून लॅटिन. एका झाडाच्या एका नोंदीमागे चार भाषा! शिवाय रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांची मदत होती. त्यांचं कोकणीतलं निवेदन पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. लॅटिनच्या त्या गर्दीत अचानक आपली अक्षरं समोर आली तेव्हा मी बराच वेळ ते पान उलटलं नव्हतं.

मग प्रश्न पडला, या साखळीतली कोणती कडी मला हवी? चारही भाषा शिकायला आयुष्य पुरायचं नाही. ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर झालेलं आहे, तेव्हा लॅटिन मला मधूनमधून मूळ शब्द ताडून पाहण्यापुरती लागणार होती. मल्याळमसाठी मी जाणकाराची मदत घेऊ शकत होते. पण माझा प्रश्न होता व्यवहाराचा: पैसे कोणी मंजूर केले, कोणी विरोध केला, चित्रं कुठे पाठवली. हे सगळं डच ईस्ट इंडिया कंपनीच्या पत्रव्यवहारात आहे आणि त्यातल्या बहुतेक पत्रांचं भाषांतर झालेलं नाही. म्हणून डच. तुम्हीही असंच विचारा: माझ्या प्रश्नाचं उत्तर ज्या कागदात आहे, तो कागद दुसऱ्या कोणी माझ्यासाठी भाषांतरित करून ठेवलाय का? ठेवला असेल तर ती भाषा मागे सरकवा. नसेल तर तीच तुमची भाषा.

इथे आणखी एक खाचखळगा आहे आणि तो बहुतेकांना वर्गात बसल्यावर कळतो. भाषेचं नाव एकच असतं, पण शतक बदललं की ती वेगळी होते. तुर्कस्तानने १९२८ साली लिपी बदलली. आधीचे सगळे कागद अरबी लिपीत आणि अरबी-फारसी शब्दांनी भरलेले. म्हणजे आजची तुर्की उत्तम येत असली तरी १९१० चं वर्तमानपत्र वाचता येईलच असं नाही. जर्मन पुस्तकं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मोठ्या संख्येने फ्राक्टूर नावाच्या टोकदार अक्षरांत छापलेली आहेत. त्यात लांब 'एस' आणि 'एफ' इतके सारखे दिसतात की पहिला आठवडा डोळे चोळण्यातच जातो. हस्तलिखितांची वळणं तर आणखी निराळी. रशियन लेखनात १९१८ च्या सुधारणेत काही अक्षरं बाद झाली. चिनीमध्ये मजकूर अभिजात आहे की आधुनिक, यावर तुम्ही कुठल्या वर्गात बसायचं हेच ठरतं. सतराव्या शतकातल्या डचमध्ये 'आणि' या अर्थाचा शब्द 'एन' ऐवजी 'एंडे' असा लिहिलेला सापडतो, 'वर्ष' या अर्थाच्या 'यार' शब्दात दोन 'ए' ऐवजी 'ए' आणि 'ई' अशी अक्षरं येतात, आणि कारकुनाची घाई प्रत्येक ओळीत दिसते. म्हणून वहीतल्या प्रत्येक रेघेशेजारी साधनाचं शतक आणि ते छापील आहे की हस्तलिखित, हेही लिहून ठेवा. मोडी आल्याशिवाय पेशवाईतलं मराठी पत्र आपल्याला तरी कुठे वाचता येतं? तसंच हे.

आता सोपी-अवघड याबद्दल. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचे आकडे सगळीकडे फिरत असतात: डचला सुमारे २४ आठवडे, जर्मनला ३६, रशियन आणि फारसीला ४४, आणि अरबी, चिनी, जपानीला ८८. हे आकडे इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचे आहेत, दिवसभर वर्गात बसणाऱ्यांचे आहेत, आणि बोलण्यासकट सगळ्या तयारीचे आहेत. तुमची गरज वाचनाची आहे आणि तुमच्या पाठीशी मराठी आहे. हा फरक मोठा आहे.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजी बोलणारी मुलं हवालदिल होतात. आपण जन्मापासून 'तो दगड, ती भिंत, ते झाड' म्हणत आलोय. लिंगं पाठ करावी लागतात हे खरं, पण निर्जीव वस्तूला लिंग का, हा प्रश्न आपल्याला पडतच नाही. विभक्तीचंही तसंच. लॅटिनमध्ये झाडाचं वर्णन करताना 'फोलिइस ओवातिस' असं येतं. माझ्या वर्गातल्या मुलांना त्याचा अर्थ लावायला दोन-तीन वेगळे शब्द जोडावे लागत होते. मला ते सरळ 'अंडाकृती पानांनी' असं दिसलं. आपली तृतीया तिथे जशीच्या तशी बसते. जर्मन आणि डचच्या गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं. आपलं तर कायमच शेवटी असतं. फारसी घेणाऱ्याला अर्ज, कागद, जमीन, दफ्तर, खर्च, हकीकत हे शब्द आयते मिळतात, आणि व्याकरणात लिंग नाहीच. पोर्तुगीजमध्ये पगार, चावी, बटाटा, अननस, घमेलं ही मंडळी मूळ घरी भेटतात. उर्दू लिपी येत असेल तर फारसीची पहिली पायरी चढूनच झाली. तेव्हा कुणा इंग्रजी भाषकाने 'फार अवघड आहे' म्हटलं म्हणून भाषा सोडू नका.

पण ओळखीचे शब्द फसवतातही, आणि या बाबतीत माझा अनुभव सांगायलाच हवा. फ्रेंचच्या परीक्षेत एक वाक्य होतं, त्याचा उच्चार साधारण 'इल नां रेस्त क द झेग्झांप्लेर' असा. मी भाषांतर केलं: त्याच्या दोन प्रती उरलेल्या नाहीत. 'न' दिसला की आपलं मराठी मन लगेच 'नाही' वाचतं, आणि फ्रेंचमध्ये 'न' नकारासाठी येतोही. पण 'न' नंतर पुढे कुठेतरी 'क' आला की दोघांचा मिळून अर्थ होतो 'फक्त'. वाक्याचा खरा अर्थ होता: त्याच्या दोनच प्रती उरल्या आहेत. बाकीचा उतारा बरा होता म्हणून पास झाले, पण तपासणाऱ्यांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारून समासात लिहिलं होतं की या एका चुकीने अख्खं प्रकरण उलटं होईल. खरंच होतं. इतिहासाच्या अभ्यासात दोन प्रती उरल्या की एकही नाही, याच्याइतका मोठा फरक कोणता?

जर्मनमध्ये असाच सापळा क्रियापदांचा आहे. 'ह्योरेन' म्हणजे ऐकणे. त्याला 'आउफ' जोडलं की 'आउफह्योरेन', म्हणजे थांबणे. वाक्यात हे दोन तुकडे सुटे होतात आणि 'आउफ' पार वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. 'देअर रेगन ह्योर्त आम आबेंट आउफ': पाऊस संध्याकाळी थांबतो. शेवटचा शब्द नजरेतून सुटला तर 'पाऊस संध्याकाळी ऐकतो' असं होतं. लहान वाक्यात चूक लगेच कळते, पण जर्मन विद्वान तीन-तीन ओळींची वाक्यं लिहितात. म्हणून वाक्य वाचताना आधी शेवट बघायची सवय लावून घ्या. जर्मन येणाऱ्याने डच घेतली तर वेगळी गंमत: जर्मनमध्ये 'नोख' म्हणजे 'अजून', डचमध्ये तसाच लिहिलेला शब्द म्हणजे 'ना हे, ना ते'. 'मेअर' म्हणजे जर्मनमध्ये समुद्र, डचमध्ये तळं. शेजारच्या दोन भाषा एकाच वेळी शिकू नका. एक पक्की बसू द्या.

शिक्षक आणि वर्ग ही बाजूही बघा. बऱ्याच विद्यापीठांत 'संशोधकांसाठी वाचन' असा वेगळा कोर्स असतो. त्यात बोलणं नसतं, पहिल्या आठवड्यापासून व्याकरण आणि उतारे. तो मिळाला तर सोडू नका. नेहमीच्या वर्गात तुम्ही स्टेशनचा रस्ता विचारायला शिकता, आणि इतिहासाच्या फ्रेंच पुस्तकांत भरलेला 'पासे सॅंप्ल' हा भूतकाळ मात्र खूप उशिरा येतो, कारण बोलण्यात तो वापरत नाहीत. माझी कॉलेजातली दोन वर्षं अशीच गेली होती: कॅफेत काय हवं ते सांगता येत होतं, पण एकोणिसाव्या शतकातलं एक पान वाचता येत नव्हतं. तुमच्या रेघांमध्ये दोन भाषा जवळपास सारख्या आल्या, आणि एकीचा चांगला शिक्षक हाताशी असेल, तर ती घ्या. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

डच मी दहा महिन्यांत परीक्षेपुरती केली. पहिले तीन महिने नुसतं व्याकरण, रोज तासभर. चौथ्या महिन्यापासून पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि माझ्याच विषयावरचा एक छापील, आधुनिक डच लेख घेतला. पहिलं पान वाचायला चार दिवस लागले. पण 'बोम' म्हणजे झाड, 'ब्लात' म्हणजे पान, 'ब्लूम' म्हणजे फूल, 'वॉर्टेल' म्हणजे मूळ हे शब्द पानोपानी येत राहिले आणि विसाव्या पानापर्यंत शब्दकोशाची गरज निम्म्याने कमी झाली. आपल्या विषयाचा शब्दसंग्रह लहान असतो, तोच तोच येतो, म्हणून सराव आपल्या विषयातल्या मजकुरावरच करावा. हस्तलिखितांकडे मी परीक्षेनंतर वळले. कंपनीचे हेगमधले कागद ओळीने ठेवले तर किलोमीटरहून लांब भरतात. त्यातले पुष्कळ आता स्कॅन होऊन घरबसल्या दिसतात. ते अक्षर लावायला आणखी सहा महिने गेले.

भाषांतर करणारी यंत्रं असताना एवढा खटाटोप कशाला, असं मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं. मी स्वतः ती वापरते. शंभर लेखांमधले कोणते दहा माझ्या कामाचे, हे चाळून बघायला ती फार उपयोगी आहेत. पण जुनी छपाई आणि जुनं लेखन यांत ती अजून अडखळतात, आणि चुकतात तेव्हाही वाक्य इतकं सफाईदार देतात की शंका येत नाही. वर सांगितलेल्या 'न' आणि 'क' सारख्या जागी 'इथे काहीतरी गडबड आहे' असं वाटायला भाषा आपल्याला यावी लागते. शिवाय परीक्षेच्या खोलीत यंत्र चालत नाही.

परीक्षेबद्दल थोडक्यात: जुने उतारे विभागाकडे मागा, मिळतात. छापील शब्दकोश चालत असेल तर एकच घ्या आणि तोच महिनाभर हाताळा, पानं आपोआप उघडली पाहिजेत. उतारा पूर्ण एकदा वाचल्याशिवाय कोशाला हात लावू नका. नकार, 'फक्त', 'अजून', 'जरी' असे छोटे शब्द आधी पेन्सिलने गोल करा, मोठे शब्द नंतर शोधा. भाषांतर शब्दाला शब्द नको, पण क्रियापदाचा काळ चुकवू नका.

आणि विषयच अजून ठरला नसेल तर? तर ज्या दोन-तीन विषयांकडे मन ओढतंय त्या सगळ्यांची रेघांची वही करा. तिन्हींत एखादी भाषा समान निघाली तर ती घ्या. नाहीच निघाली तर फॉर्म भरायची शेवटची तारीख विचारा आणि तेवढे महिने थांबा. पहिल्या सेमिस्टरला उत्तर द्यायलाच हवं असा नियम फार थोड्या ठिकाणी असतो. माझ्याही विभागात नव्हता. मी विचारलं नव्हतं, एवढंच.

तेव्हा या आठवड्यात ग्रंथालयात जा, पाच पुस्तकं आणा आणि वहीचं एक कोरं पान घेऊन बसा. रेघा मोजून झाल्या की ते पान घेऊनच मार्गदर्शकांकडे जा. 'कोणती भाषा घेऊ?' असं मोघम विचारलं तर ते त्यांना येणारी भाषा सुचवतील. पान समोर ठेवलंत तर तुमच्या विषयाबद्दल बोलतील. माझ्या मार्गदर्शकांनी ते पान पाहून पहिला प्रश्न विचारला होता, 'यातली किती पत्रं आजवर कोणी वाचली आहेत?' मला उत्तर माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डचच्या वर्गाला नाव घातलं.